इंटरनेटवरचा अभ्यास मोजायचा कसा?

विद्यार्थी शिकण्यासाठी इंटरनेटचा वापर किती आणि कसा करतात, हे मोजण्याविषयी संशोधक, शिक्षक आणि पालक अशा तिन्ही बाजूंनी आमच्याकडे प्रश्न आले आहेत. त्यांतील निवडक प्रश्न, आवश्यक तेथे संक्षेप करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मी ‘माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांचा अध्ययनासाठी होणारा इंटरनेटचा वापर’ हा विषय घेतला असून त्यासाठी ४० विधानांची पंचबिंदू पदनिश्चयन श्रेणी (‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ असे पाच पर्याय असलेली) तयार केली आहे. ‘मी अभ्यासासाठी इंटरनेटचा नियमित वापर करतो’, ‘इंटरनेटमुळे मला विषय चांगला समजतो व परीक्षेत अधिक गुण मिळतात’ अशी ती विधाने आहेत. मार्गदर्शकांनी ‘विधाने मोघम आहेत’ असा शेरा मारून ती परत केली. नेमकी अडचण कोठे आहे?

उत्तर : आपली विधाने भाषेच्या दृष्टीने नेटकी आहेत, मात्र त्यांतून काय मोजायचे हे ठरण्याआधीच ती लिहिली गेलेली दिसतात, आणि मार्गदर्शकांचा रोख बहुधा त्याकडेच असावा.

पहिले विधान घ्या. ‘अभ्यासासाठी’ म्हणजे कशासाठी, हे प्रत्येक विद्यार्थी आपापल्या परीने ठरवणार. एकाच्या लेखी गृहपाठाचे आयते उत्तर शोधून वहीत उतरवणे हा अभ्यास असतो. दुसरी विद्यार्थिनी वर्गात न समजलेला वर्गसमीकरणाचा भाग व्हिडिओ थांबवत, मागे नेत पुन्हा पाहते, तोही अभ्यासच. तिसरा निव्वळ कुतूहलापोटी कृष्णविवरांविषयी तासभर वाचतो आणि ते परीक्षेत येणार नसल्यामुळे स्वतःच त्याला अभ्यास म्हणत नाही. ‘इंटरनेट’ या शब्दाचीही तीच गत आहे. आपण फेसबुक वापरतो पण इंटरनेट वापरत नाही, असे सांगणारे लोक काही देशांतील पाहण्यांमध्ये आढळले आहेत. तेव्हा ग्रुपवर आलेल्या नोट्स किंवा व्हिडिओ ॲपवर पाहिलेला धडा विद्यार्थी इंटरनेटच्या खात्यात धरतीलच, असे गृहीत धरता येत नाही. राहता राहिला ‘नियमित’ हा शब्द. रोज वापरणारा आणि फक्त परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, पण दरवेळी न चुकता वापरणारा, हे दोघेही स्वतःला नियमितच म्हणवतील. अशा रीतीने पूर्णपणे वेगळे वागणारे विद्यार्थी एकाच पर्यायावर खूण करतील आणि आपल्या तक्त्यात ते एकसारखे दिसतील.

दुसरी अडचण श्रेणीच्या निवडीत आहे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली ही पद्धत मांडली ती अभिवृत्तींच्या मापनासाठी, म्हणजे माणसाचा एखाद्या गोष्टीकडे कल कसा आहे हे जाणण्यासाठी. ‘सहमत’ आणि ‘असहमत’ हे पर्याय मताला शोभतात. काल व्हिडिओ पाहिला की नाही पाहिला, या बाबतीत ‘अंशतः सहमत’ होण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय विधान समोर आले की त्याला होकार भरण्याकडे उत्तर देणाऱ्यांचा कल असतो आणि शाळेच्या वर्गात, शिक्षकांच्या देखत, ‘अभ्यास’ हा शब्द असलेल्या विधानाला नकार देणारा विद्यार्थी विरळाच. वापर मोजायचा असेल तर कृती आणि तिची वारंवारता विचारावी, आणि वारंवारतेचे पर्यायही ‘कधीकधी’, ‘बऱ्याचदा’ असे न ठेवता कालखंडाशी बांधावेत. पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीबरोबरची प्रश्नावली शाळेच्या कामासाठी इंटरनेट पाहण्याबाबत विचारताना ‘कधीच नाही किंवा क्वचित’, ‘महिन्यातून एकदा-दोनदा’, ‘आठवड्यातून एकदा-दोनदा’, ‘जवळजवळ रोज’, ‘रोज’ अशा धर्तीचे पर्याय देत आली आहे. हे पर्याय रुक्ष वाटतात, परंतु दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरांची तुलना करता येते ती त्यामुळेच.

माझे स्वतःचे मत याहून एक पाऊल पुढचे आहे. ‘साधारणपणे किती वेळा’ या प्रश्नापेक्षा ‘शेवटच्या वेळी काय केले’ हा प्रश्न शिकण्याविषयी कितीतरी अधिक सांगतो, कारण साधारण सवय आठवताना विद्यार्थी स्वतःचे चित्र रंगवतो आणि ठरावीक प्रसंग आठवताना त्याला तपशील द्यावा लागतो. आपल्या पहिल्या विधानाच्या जागी मी पुढील प्रश्नमालिका ठेवीन : ‘गेल्या सात दिवसांत गणिताचा अभ्यास करताना अडलेली एखादी गोष्ट तू मोबाईलवर किंवा संगणकावर शोधलीस का? शोधली असल्यास, शेवटच्या वेळी काय शोधलेस ते एका ओळीत लिही. त्यासाठी सर्वांत आधी काय उघडलेस? मिळालेले उत्तर बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी काही केलेस का? नंतर मोबाईल बाजूला ठेवून ते उदाहरण स्वतः सोडवून पाहिलेस का?’ यातील ‘एका ओळीत लिही’ ही सूचना सर्वांत मोलाची आहे. ज्याने खरोखर काही शोधले तो ‘बैजिक राशीचे अवयव पाडताना मधले पद कसे फोडायचे’ असे काहीतरी लिहितो. ज्याने मागच्याच प्रश्नात उगाच ‘होय’ म्हटले त्याची ओळ रिकामी राहते किंवा तिथे नुसते ‘गणित’ असे उमटते. मोजणीत या दोघांना वेगळे करण्याची सोय आपल्या ४० विधानांत कोठेही नाही.

दुसऱ्या विधानाचा दोष ठरीव आहे. ‘विषय समजतो’ आणि ‘अधिक गुण मिळतात’ या दोन स्वतंत्र गोष्टी ‘व’ने जोडल्यामुळे ज्याला विषय समजला पण गुण मिळाले नाहीत, त्याने खूण कोठे करावी हे त्याला कळणार नाही. त्यातही, इंटरनेटमुळेच गुण वाढले हे विद्यार्थ्याला कळण्याचा काही मार्ग नाही. ते आपल्या संशोधनाने शोधायचे आहे आणि आपण ते विद्यार्थ्यालाच विचारतो आहोत. अशी सर्व विधाने सरळ काढून टाकावीत. उरलेले प्रश्न पाच-सहा विद्यार्थ्यांना एकेकटे बसवून मोठ्याने वाचायला सांगावे, आणि उत्तर देताना मनात काय आले हे बोलायला लावावे. तासाभराच्या या बैठकीत जे हाती लागते, ते पुढे शेकडो प्रश्नावल्यांच्या आकडेमोडीत लागत नाही.

प्रश्न : माझ्याही साधनात ४० विधाने आहेत. पथदर्शी अभ्यासात क्रोनबॅक अल्फाचे मूल्य ०.९ च्या वर आले. म्हणजे साधन पक्के झाले, असे समजावे काय?

उत्तर : समजू नये. ली क्रोनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला हा गुणांक विधाने एकमेकांशी कितपत मेळ खातात एवढेच सांगतो, आणि तो विधानांच्या संख्येबरोबर वाढत जातो. हिशेब करून पाहा. विधानांमधील सरासरी सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात याचे माप; पूर्ण मेळ असल्यास १) अवघा ०.२ असेल, तर १० विधानांसाठी अल्फा सुमारे ०.७१ येतो, तसाच क्षीण संबंध असलेली ४० विधाने घेतली की तो ०.९१ वर जातो. म्हणजे ज्या आकड्याने आपल्याला धीर दिला, तो बराचसा प्रश्नावलीच्या लांबीचा परिणाम असू शकतो.

आणखी एक मुद्दा पुष्कळ प्रबंधांत सुटलेला दिसतो. व्हिडिओ पाहणे, शब्दाचा अर्थ शोधणे, ऑनलाइन सराव चाचणी सोडवणे आणि शिक्षकांना संदेशातून शंका विचारणे या कृती एकमेकींशी निगडित असल्याच पाहिजेत असे नाही. जो व्हिडिओ पाहतो तो शंका विचारेलच असे नाही. उलट शंका विचारायला लाजतो म्हणूनच तो व्हिडिओ पाहत असेल. अशा कृतींच्या यादीचा अल्फा कमी आला तर तो साधनाचा दोष नव्हे, आणि तो वाढवण्यासाठी वेगळी पडणारी विधाने गाळत गेलो तर शेवटी एकच गोष्ट चाळीस प्रकारे विचारणारी प्रश्नावली उरते. वापराचा एकच एकत्रित गुणांक काढण्याचा हट्ट सोडून कृतींचे गट स्वतंत्र दाखवले, तर अहवाल अधिक प्रामाणिक होईल.

नमुन्याविषयी आपण विचारले नाही, तरी ओघाने सांगतो. नमुना किती मोठा घ्यावा हे सांगणाऱ्या, १९७० च्या क्रेज्सी आणि मॉर्गन यांच्या तक्त्यात १००० विद्यार्थ्यांसाठी २७८ चा नमुना दिलेला असतो आणि तो आकडा पाहून संशोधक सात वर्ग उचलून मोकळे होतात. तो तक्ता यादृच्छिक पद्धतीने एकेक व्यक्ती निवडली आहे, असे धरून चालतो. एका वर्गातल्या मुलांना शिक्षक एक, गृहपाठ एक आणि नोट्सचा ग्रुपही एकच असतो, त्यामुळे त्यांची उत्तरे एकमेकांसारखी असतात. वर्गांतर्गत साम्याचा गुणांक ०.१ आणि वर्गात ४० विद्यार्थी धरले, तर नमुन्याचा परिणामकारक आकार ४.९ पटीने घटतो आणि २८० विद्यार्थी सुमारे ५७ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकीच माहिती देतात. सात वर्गांतील सगळ्यांना घेण्यापेक्षा वीस-पंचवीस वर्गांतून थोडे थोडे विद्यार्थी घेणे केव्हाही चांगले.

प्रश्न : आमच्या शाळेची अध्ययन प्रणाली (धडे व स्वाध्याय देणारे ऑनलाइन व्यासपीठ) प्रत्येक विद्यार्थ्याने किती मिनिटे अभ्यास केला याचा आठवड्याचा अहवाल देते. प्रश्नावलीत विद्यार्थी काहीही लिहू शकतात. हा अहवाल तरी यंत्राचा असल्यामुळे विश्वासार्ह मानावा ना? त्यावरून अंतर्गत गुण द्यावेत असा विचार चालू आहे.

उत्तर : आपल्या म्हणण्याचा पूर्वार्ध खरा आहे. स्वतःच्या वापराचा अंदाज माणसांना फारसा करता येत नाही, याला चांगला आधार आहे. ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’ या नियतकालिकात २०२१ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. लोकांनी सांगितलेला डिजिटल माध्यमांचा वापर आणि उपकरणाने नोंदवलेला वापर यांतील सहसंबंध त्यात सुमारे ०.३८ इतकाच आढळला. त्याचा वर्ग केला तर ०.१४ येतो, म्हणजे एका मापातील चढउतारांपैकी सातवा हिस्साच दुसऱ्यावरून सांगता येतो.

पण यंत्राने नोंदवलेली मिनिटे खरी असली, तरी ती अभ्यासाची असतात असे नाही. खोलीत दिवा जळतो आहे, एवढ्यावरून आत कोणी वाचत बसले आहे असे म्हणता येत नाही. नमुन्यादाखल एका सायंकाळची नोंद पाहा. ७.४२ ला लॉगिन, ७.४३ ला ‘प्रकाशाचे अपवर्तन’ या पाठाचे पान उघडले, ७.४४ ला व्हिडिओ सुरू, ७.४७ ला व्हिडिओ थांबवला, त्यानंतर ८.३१ पर्यंत एकही नोंद नाही, ८.३१ ला स्वाध्याय उघडला आणि ८.३२ ला दहाही उत्तरे जमा करून लॉगआऊट. पहिल्या लॉगिनपासून शेवटच्या लॉगआऊटपर्यंतचा काळ मोजणारी प्रणाली याला ५० मिनिटांचा अभ्यास म्हणेल. तीस मिनिटे हालचाल झाली नाही की सत्र संपले असे मानणारी प्रणाली त्याच सायंकाळचा हिशेब पाच मिनिटे आणि एक मिनिट असा सहा मिनिटांचा लावेल. विद्यार्थी तोच, सायंकाळ तीच आणि अभ्यास आठपटीहून अधिक कमीजास्त! आपली प्रणाली यांपैकी कोणता नियम लावते, हे आधी पुरवठादाराला लेखी विचारावे. त्याचे उत्तर मिळाल्याखेरीज अहवालाच्या रकान्यांची बेरीज करण्यातही अर्थ नाही.

आता त्या ४४ मिनिटांच्या शांततेत काय घडले असेल, याचा विचार करा. विद्यार्थिनीने व्हिडिओतली आकृती वहीत काढून, पाठ्यपुस्तकातली उदाहरणे सोडवून, मग स्वाध्यायाची उत्तरे झरझर भरली असतील. किंवा ती जेवायला गेली असेल आणि परत आल्यावर मैत्रिणीने पाठवलेली उत्तरे तिने टाकली असतील. लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीत, या दोन्ही शक्यता अक्षरशः सारख्याच दिसतात. ज्याने धडा एकदा डाउनलोड करून तीनदा वाचला त्याची एकच नोंद होते, दोन भावंडे एकाच खात्यावरून शिकत असतील तर दोघांचे मिळून एकच खाते फुगते, आणि प्रणालीबाहेर शोधलेले काहीच या अहवालात येत नाही.

तेव्हा गुण देण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सुचवीन. मिनिटांना गुण आहेत हे कळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाने उघडी ठेवून झोपणारे विद्यार्थी निर्माण होतील आणि आज त्या अहवालाला जी थोडीफार किंमत आहे तीही जाईल. त्याऐवजी अहवालाचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी करावा. व्हिडिओच्या ज्या जागी बरेच विद्यार्थी थांबले किंवा मागे गेले, ती जागा शिक्षकाने स्वतः पाहावी. एखाद्या प्रश्नाची उत्तरे सर्वांनी काही सेकंदांत दिली असतील, तर तो प्रश्न फार सोपा आहे की त्याचे उत्तर ग्रुपवर फिरते आहे, हे तपासावे. अशा वेळी लॉगची माहिती खरोखर कामाला येते. ती विद्यार्थ्याविषयी कमी आणि धड्याविषयी अधिक बोलते.

प्रश्न : दहावीतील मुलगा मोबाईलवर असतो तेव्हा ‘अभ्यासच करतोय’ म्हणतो. फोनमधील स्क्रीन टाइममध्ये मात्र बहुतेक वेळ व्हिडिओच्या ॲपवर दिसतो. खरे काय ते कसे मोजावे?

उत्तर : त्या आकड्यावरून मोजता येणार नाही. फोन वेळ मोजतो तो ॲपनुसार. त्रिकोणमितीचा धडा आणि क्रिकेटचे क्षणचित्र त्याच्या दृष्टीने एकाच रकान्यात जातात. ब्राउझरचा पाहिलेल्या पानांचा इतिहास तपासणारे पालक आहेत, पण तो पुसता येतो, आणि पुसायला शिकवण्याचे श्रेय शेवटी आपल्याकडेच येते. त्यापेक्षा आज जे पाहिले त्यातले एक उदाहरण मोबाईल न पाहता समजावून सांग, असे त्याला आठवड्यातून एक-दोनदा सहज, उलटतपासणीचा सूर न लावता म्हणावे. जे समजले आहे ते सांगता येते, आणि अडखळला तर नेमके कोठे अडले हे त्यालाही कळते. मिनिटांचा वाद त्यानंतर बहुधा उरत नाही.

प्रश्न : ‘इंटरनेटवरून हवी ती माहिती मला शोधता येते’ या विधानाला माझ्या वर्गातील जवळजवळ सर्व विद्यार्थ्यांनी ‘पूर्णतः सहमत’ असे उत्तर दिले. प्रत्यक्षात प्रकल्पांमध्ये पहिल्याच संकेतस्थळावरील मजकूर उतरवलेला असतो. ही तफावत संशोधनात कशी दाखवावी?

उत्तर : कौशल्याविषयी विचारून कौशल्य मोजले जात नाही, विद्यार्थ्याचा स्वतःवरचा विश्वास मोजला जातो. तोही मोजण्यासारखा आहे, पण त्याला त्याच नावाने संबोधावे. कौशल्य पाहायचे तर काम द्यावे लागते. आठवीच्या स्तरावरील विद्यार्थ्यांसाठीचे ‘आयसिल्स’ हे आंतरराष्ट्रीय मूल्यमापन २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये झाले. त्यात विद्यार्थ्यांना संगणकावर प्रत्यक्ष कामे करायला देतात, आणि स्वतःच्या क्षमतेविषयीचे त्यांचे मत प्रश्नावलीतून स्वतंत्रपणे घेतात.

कामाच्या निवडीबाबत स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाचा अनुभव उपयोगी पडेल. त्यांनी अमेरिकेतील ३,४४६ माध्यमिक विद्यार्थ्यांना २०१८-१९ मध्ये जी कामे दिली, त्यांतील एकात फेसबुकवर निनावी टाकलेला, मतपेट्यांत बनावट मतपत्रिका कोंबल्या जात असल्याचा अस्पष्ट व्हिडिओ होता आणि तो अमेरिकेतील मतदानातील गैरप्रकाराचा सबळ पुरावा ठरतो का, असे विचारले होते. ५२ टक्के विद्यार्थ्यांनी तो सबळ पुरावा मानला. व्हिडिओ रशियातला होता आणि थोड्याशा शोधाने ते कळण्यासारखे होते. हजारो उत्तरांत तो मूळ स्रोत शोधणारे मात्र तिघेच निघाले. काम देताना विद्यार्थ्यांना इंटरनेट वापरण्याची पूर्ण मुभा होती, हे विसरू नये.

त्याच गटाच्या आधीच्या एका छोट्या अभ्यासात १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवीपूर्व विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली होती. विद्यार्थी, आणि विद्वान इतिहासतज्ज्ञांपैकीही बरेच जण, ते पान वरून खाली वाचत बसले, बोधचिन्ह आणि मांडणी पाहून मत बनवू लागले. तपासनीसांनी मात्र पान क्षणभर पाहून लगेच दुसरे टॅब उघडले आणि हे संकेतस्थळ कोणाचे आहे, त्याविषयी इतर काय म्हणतात, हे आधी शोधले. कौशल्याचे निरीक्षण करताना नेमके काय टिपायचे, याचे उत्तर यात आहे.

आपल्या वर्गापुरते असे करता येईल. एक वादाचा, पण पडताळता येणारा प्रश्न घ्यावा, वीस मिनिटे द्यावीत आणि संमतीने स्क्रीनचे चित्रण करावे. ते शक्य नसल्यास एका वेळी एका विद्यार्थ्याशेजारी बसून नोंद घ्यावी. पुस्तकातील प्रश्न जशाच्या तसा शोधपट्टीत टाकला की स्वतःचे शब्द वापरले. पहिल्या प्रयत्नात काही मिळाले नाही तेव्हा शब्द बदलले का. पहिल्या दुव्यावर बोट टेकवण्यापूर्वी खालचे दुवे वाचले का. जाहिरात म्हणून आलेला दुवा ओळखला का. दुसरा स्रोत उघडला का, आणि दोन्हींत फरक दिसल्यावर काय केले. या नोंदी दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे घेऊन त्यांचा मेळ तपासावा. मग त्याच विद्यार्थ्यांच्या ‘पूर्णतः सहमत’ या उत्तरांशेजारी हे गुण मांडले, की आपल्याला दाखवायची तफावत तक्त्यातच दिसेल. पन्नास विद्यार्थ्यांचे असे निरीक्षण पाचशे प्रश्नावल्यांपेक्षा कष्टाचे आहे आणि माझ्या मते अधिक मोलाचेही.

प्रश्न : माझ्या अभ्यासात इंटरनेटचा वापर आणि परीक्षेतील गुण यांत ऋण सहसंबंध आला, म्हणजे वापर जास्त तेथे गुण कमी दिसले. ‘इंटरनेटच्या वापरामुळे संपादन (अभ्यासातील यश) घटते’ असा निष्कर्ष काढता येईल का?

उत्तर : ‘मुळे’ हा प्रत्यय आपल्या आराखड्याला पेलणार नाही. एकाच वेळी गोळा केलेल्या माहितीत आधी काय घडले हे कळत नाही, आणि येथे उलटी दिशा तितकीच संभवते : ज्याला विषय जड जातो तोच अधिक शोधाशोध करतो. घरची परिस्थिती, स्वतःचे उपकरण आहे की नाही, शिकवणी आहे की नाही, या गोष्टी दोन्ही चलांवर परिणाम करतात. त्या आपण मोजल्या नसतील तर त्यांचा प्रभाव वेगळा काढता येणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासावी. सहसंबंध गुणांक सरळ रेषेतील नातेच पाहतो, आणि येथे नाते वक्र असण्याची दाट शक्यता आहे. ‘पिसा’ चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात शाळेत संगणकाचा माफक वापर करणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी क्वचित वापर करणाऱ्यांपेक्षा काहीशी बरी आढळली, तर अतिशय वारंवार वापर करणाऱ्यांची सामाजिक पार्श्वभूमी हिशेबात घेऊनही बरीच खालावलेली आढळली. आपल्या विद्यार्थ्यांचे वापरानुसार चार-पाच गट पाडून प्रत्येक गटाचे सरासरी गुण आलेखावर मांडून पाहा. एका ऋण आकड्याआड काय दडले आहे ते दिसेल. आणि ‘वापर’ म्हणून आपण एकूण तास घेतले असतील, तर त्यात करमणुकीचे तासही मिसळलेले आहेत, हे प्रबंधाच्या मर्यादांमध्ये लपवून न ठेवता निष्कर्षाशेजारीच लिहावे.

प्रश्न : चॅटजीपीटीसारख्या साधनांचा वापर प्रश्नावलीत कोठे धरावा?

उत्तर : स्वतंत्र धरावा. नोव्हेंबर २०२२ पूर्वी, म्हणजे चॅटजीपीटी येण्याआधी, तयार झालेल्या प्रमाणित प्रश्नावल्यांत या साधनांना जागाच नाही, आणि ‘माहिती शोधणे’ या जुन्या रकान्यात ती कोंबली तर दोन भिन्न कृती एक होतात : शोधयंत्र दुवे देते आणि निवड विद्यार्थ्यावर सोडते, ही साधने थेट उत्तर लिहून देतात. किती वेळा वापरले यापेक्षा केव्हा वापरले हे विचारावे. स्वतः प्रयत्न करण्याआधी की नंतर? उत्तर मागितले की आपण लिहिलेल्या उत्तरातील चुका दाखवायला सांगितले? मिळालेल्या मजकुरात काय बदलले? ‘वापरतोस का’ असा सरळ प्रश्न विचारला तर शिक्षेच्या भीतीने खरे उत्तर येणार नाही. म्हणून या भागापुरती तरी प्रश्नावली निनावी असावी आणि ती वर्गशिक्षकांनी गोळा करू नये.

प्रश्न : वेळ वाचावा म्हणून संपूर्ण सर्वेक्षण ऑनलाइन फॉर्मवरून घ्यावे, असे ठरवले आहे. दुवा विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकायचा आहे. काही हरकत आहे का?

उत्तर : या विषयापुरती मोठी हरकत आहे. ज्यांच्याकडे उपकरण नाही, डेटा संपलेला आहे किंवा जे ग्रुपवर क्वचित येतात, ते विद्यार्थी दुवा उघडणारच नाहीत. म्हणजे ज्या गोष्टीचे प्रमाण आपण मोजतो आहोत, तिचाच अभाव असलेले विद्यार्थी नमुन्यातून आपोआप गळतील आणि वापराचे प्रमाण आहे त्याहून जास्त दिसेल. शिवाय एकाने दोनदा भरलेले फॉर्म आणि दोघांनी मिळून भरलेले फॉर्म ओळखण्याचा सोपा मार्ग नाही. वर्गात, एका तासिकेत, कागदावर माहिती घ्यावी. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची यादी करून आठवड्याभरात त्यांच्याकडूनही भरून घ्यावी. पालकांचे संमतिपत्र त्याआधी पाठवावे आणि त्यात कोणती माहिती घेणार, ती कोण पाहणार व केव्हा नष्ट करणार, हे एका पानात, पालकांना समजेल अशा भाषेत लिहावे. माहिती संगणकावर भरण्याचे काम वाढेल हे खरे. दोघांनी मिळून केले, एकाने वाचले आणि दुसऱ्याने टंकले, तर चुकाही कमी होतात.